लेकीच्या बाळंतपणासाठी खाली बसायला शिकले

माझं वजन किती हे आज कुणी विचारलं तर मी सांगणार नाही, पण मला ते ठाऊक आहे. एक काळ असा होता की मला ते ठाऊकच नव्हतं. बदलापूरला, बेलवलीत माझं सासर. तिथे काटा होता तो भात मोजायला. बाईमाणसाचं वजन कोण करतंय? जे काय ते कासारीण सांगायची. हात दाबून बांगडी चढवताना ती सरसर वर गेली की म्हणायची, "सुनबाई, आत नुसती हाडंच आहेत का गं?" झालं, तेवढाच आमचा दवाखाना.

तेव्हा मी खरंच काठी होते. पाणी विहिरीचं, चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, भाजी चिरायची विळी जमिनीवर. दिवसभर खाली बसा आणि वर उठा. उठताना कशाला धरायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. घरात माणसं भरपूर, सासूसासरे, दीर, जावा, त्यांची पोरं, शिवाय आलंगेलं. जेवायची रीत ठरलेली. आधी पुरुष आणि मुलं, मग सासूबाई, आणि शेवटी आम्ही सुना. पातेल्यात जे असेल ते आमचं. कधी भाजी असायची, कधी नुसता भात आणि आमटीचं पाणी. सासूबाई वाईट होत्या असं मुळीच नाही. त्या सून असताना त्यांनीही तेच खाल्लं होतं. कुणी मुद्दाम आमच्या ताटातलं काढून घेत नव्हतं. रीतच तशी, आणि रीतीला कोण विचारतो की बाई तुझं पोट भरलं का?

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला आम्ही उल्हासनगरला राहायला आलो. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. घर मिळालं ते शहाडच्या अंगाला, एका बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर. आम्ही दोघं, मुलगी आणि धाकटा मुलगा. घरात नळ, उभ्याचा ओटा, गॅस, वर्षभरात मिक्सरही आला. पहिल्या दिवशी नळ सोडला आणि मी नुसती बघत उभी राहिले. हे म्हणाले, "अगं, बंद कर, टाकी रिकामी होईल." मला वाटलं, आता आपण सुटलो. आणि सुटलेच होते हो, खोटं कशाला बोलू. विहिरीच्या रहाटाची आठवण काढून गळे काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांनी बहुतेक कधी रहाट ओढलेला नसतो.

पण एक गोष्ट माझ्याबरोबर बेलवलीहून आली, ती म्हणजे माझा हात. हाताला मोठ्या घराचं माप. डाळ घेतली की दोन मुठी जास्त, कणीक मळली की पोळ्या उरणार. आणि अन्न टाकायचं नाही, हे तर आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. फ्रीज नव्हता. मग काय करायचं? सगळ्यांचं झालं की मी ताट घ्यायची आणि पातेलं रिकामं करायची. मुलगा अर्धी पोळी टाकून उठायचा, ती माझी. यांनी भात कमी खाल्ला, तो माझा. खरवड तर मला आवडायचीच. पातेलं पुसून खाल्लं की मला फार काही कमावल्यासारखं वाटायचं.

त्यात शेजार मिळाला तो सोन्यासारखा. समोरच्या दारात एक सिंधी बाई. अंगाने भरलेली, गोरीपान, हसली की तिचं सगळं अंग हसायचं. मी तिला भाभी म्हणायची आणि ती मला दीदी. तिच्या दिराचा परकर शिवायचा लहानसा कारखाना होता. तिथले गठ्ठे ती घरी आणायची, त्यातले माझ्याकडे द्यायची. लोंबणारे धागे कापायचे, नाड्या ओवायच्या, घड्या घालायच्या. दुपारभर आम्ही दोघी पलंगावर बसून तेच करायचो. तोंड रिकामं कसं ठेवणार? तिच्याकडचे तळलेले पापड, माझ्याकडचा चिवडा, मध्ये दोनदा चहा. ती म्हणायची, "दीदी, कैंची हाथ में है, मुँह तो खाली बैठा है."

असं करत करत मी भरले. एका दिवसात कुणी भरत नाही. ब्लाउजची आतली शिवण सोडली, मग दुसरी सोडली, मग नवीनच शिवले. आणि मजा सांगू का, कुणी नावं ठेवली नाहीत. उलट बेलवलीला गेले की जावा म्हणायच्या, "उल्हासनगर मानवलं बरं तुला. अंगाला लागलं." आमच्यात बाई भरली म्हणजे नवऱ्याने सुखात ठेवली. हेही खूश, मीही खूश. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मी तेल लावलं. जिने चढताना दम लागायला लागला तेव्हा मी जिने कमी केले. भाजी खालून टोपलीत ओढून घ्यायची, दोरी बांधून. खाली बसणं तर कधीच सुटलं होतं. अंघोळीला उंच स्टूल, चिरायला ओटा, जेवायला पलंगाची कड. संडासात नळाला धरून उठायची. तो नळ दोनदा उपटून आला तेव्हा यांनी नळवाल्याला सांगितलं, "पाइप जरा जाड टाका." का, ते सांगितलं नाही.

मुलीचं लग्न झालं तोवर नव्वद साल उलटलं होतं. सासर बदलापुरातच, शिकलेली, नोकरीवाली माणसं. वर्षभरात तिला दिवस गेले. तिसरा महिना होता आणि तिच्या सासरी सत्यनारायण होता, म्हणून मी गेले. कथेला सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या, तर मी एकटी खुर्ची कशी मागू? विहीणबाई तर सारख्या उभ्या, आत-बाहेर करताहेत, प्रसादाचं बघताहेत. बसले भिंतीला टेकून. बसणं सोपं असतं, माणूस पडतंच. कथा झाली, आरतीला सगळ्या उठल्या. मी उठायला गेले तर उठवेना. एक गुडघा वाकवला, हात टेकला, पुन्हा खाली. घंटा वाजतेय, टाळ्या चालल्यात आणि मी खालीच.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, सावकाश. जरा हात द्या गं दोघीजणी."

एक पोरगेलीशी बाई म्हणाली, "मी एक, दोन, तीन म्हणते, तीनला ओढायचं."

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांच्या आधी हसले. आपणच आधी हसलं की दुसऱ्याचं हसणं कमी टोचतं. पण मुलगी हसली नाही, ते मी पाहिलं.

नंतर विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. बाई तशा तोंडाने स्पष्ट, पण आदबीच्या. म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका, पण बोलते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे खाली पाटावर बसून पाय पसरायचे, बाळ पायांवर घ्यायचं. तुम्हाला उठवायला दोघी लागल्या आज. तिकडे बाळाला कोण उचलणार आणि तुम्हाला कोण उचलणार? आम्ही इकडेच करू सगळं."

मी म्हटलं, "न्हाऊ घालायला बाई लावेन की."

"बाई येऊन तासाभरात जाते हो. उरलेल्या दिवसाचं काय?"

निघाले तेव्हा मुलगी फाटकापर्यंत आली. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ दे आई, इकडेही चांगलं आहे. ती म्हणाली, "इथे सगळी चांगली आहेत गं. पण आई, मला रडावंसं वाटलं तर मी इथे कुठे रडू? तू काहीतरी कर. मला घरी यायचंय."

त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. पण उतरला. पातेल्यात वांग्याची भाजी उरली होती, ती संपवतच मी रडले.

दुसऱ्या दिवशी भाभी मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. तरुण होती, चष्मा लावणारी. तिने गुडघे वाकवले, दाबले, काट्यावर उभं केलं. म्हणाली, "काकू, गुडघे अजून ठीक आहेत. वजन उतरवा आणि त्यांना कामाला लावा. जेवण कमी करा." मी म्हटलं, एवढंच ना? जेवण कमी करायला आपल्याकडे काय उपाय आहे, ते मला कुणी शिकवायला नको. उपास.

सोमवार माझा होताच. त्याला गुरुवार जोडला, शनिवार जोडला. एकादशी आणि चतुर्थी आल्या की त्या निराळ्या. देवालाही बरं आणि गुडघ्यांनाही. आता उपासाला बाई खाणार काय? साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घसघशीत. रताळ्याचा कीस तुपावर. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी, केळी, दूध. मध्येच चक्कर आल्यासारखं वाटलं तर राजगिऱ्याचा लाडू. हेही म्हणाले, "मीही धरतो गुरुवार, खिचडी छान होतेय." आणि उपासाला हाताचं माप सुटतंय थोडंच? खिचडीही उरायचीच. ती कोण संपवणार? उपासाचं अन्न तर आणखीच टाकवत नाही.

मी महिनाभर अगदी निष्ठेने केलं. देवाची शपथ, एकही वार चुकवला नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मी पोरांना शंभरदा ऐकवली असेल, पण ती आपल्यासाठी आहे असं कुणाला वाटतं? भाभीला दर वेळी वाटी द्यायची. एकदा खिचडी खाता खाता ती म्हणाली, "दीदी, ये व्रत भगवान का रखती हो या साबूदाने का?" मी रागाने दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली, गठ्ठा घेऊन, आणि काही झालंच नाही अशी बसली.

मग पुन्हा डॉक्टरीणबाईकडे. काट्यावर उभी राहिले तर काटा आधीच्या पुढे गेला. मला वाटलं काटा बिघडला. भाभीला उभं केलं तर तिचं होतं तेवढंच होतं. मी तिथे खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. म्हटलं, "अहो, मी इतके उपास केले."

तिने काय खाल्लं ते विचारलं. मी सांगत गेले, ती ऐकत गेली, तिच्या ओठांच्या कडा हलत होत्या, पण हसली नाही बिचारी. मग तिने निराळंच विचारलं. "उपास सोडून एरवी जेवता कधी?"

"सगळ्यांचं झालं की."

"म्हणजे किती वाजता?"

"दुपारी तीन होतात. रात्री साडेदहा-अकरा, हे आले, जेवले, आवरलं की."

"आणि किती जेवता?"

"उरेल तेवढं."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काकू, किती उरतं ते नाही विचारत मी. तुम्हाला भूक किती असते?"

आता हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. पण मला खरंच सांगता येईना. मी आठवायला लागले. लग्न झाल्यापासून मी भूक लागली म्हणून जेवले, आणि भूक भागली म्हणून थांबले, असं कधी झालं होतं? बेलवलीत पातेलं लवकर रिकामं व्हायचं म्हणून मी काठी. उल्हासनगरात पातेलं भरलेलं राहायचं म्हणून मी अशी. दोन्हीकडे रीत तीच, शेवटी बसायचं आणि उरेल ते आपलं. माझं पोट माझं नव्हतंच कधी, ते पातेल्याचं होतं. मी येताना रिक्षात भाभीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मेरा भी."

डॉक्टरीणबाईने एवढंच सांगितलं होतं की सगळ्यांबरोबर बसा, गरम खा, थोडी भूक ठेवून उठा, आणि रोज चाला. उपास करायचाच तर एक करा आणि खिचडीला हात लावू नका.

ऐकायला सोपं. त्या रात्री मी सगळी भांडी ओट्यावरून उचलून मध्ये चटईवर ठेवली. पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि यांच्या शेजारी स्वतःचं ताट घेतलं. मला वाटत होतं, जसं काही मी चोरी करतेय. हे ताटाकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"आज पाहुणीसारखी बसलीस?"

मी म्हटलं, "अहो, मी पाहुणी नाही म्हणूनच बसले. पोळी हवी असेल तर डब्यात आहे, घ्या."

मग मुलानेच डबा पुढे ओढला, बापाला वाढलं, मला वाढलं. म्हणाला, "आई, तुला जेवताना मी कधी बघितलंच नाही गं." तो तेव्हा कॉलेजात होता, एवढा मोठा. आमटी इतकी गरम होती की जीभ भाजली. माझ्याच हातची आमटी इतकी चांगली लागते हे मला माहीत नव्हतं. पोळ्यांची चळत खाली यायच्या आतच माझं पोट भरलं, तेव्हा मीच चकित झाले. भाजी उरली होती. मी उठून वाटीत काढली, झाकली, सकाळी मुलाच्या डब्याला लावली. पातेलं घासायला टाकताना हात अडला, ते खरं. खरवड तशीच जाताना बघवेना. मग हळूहळू डाळीच्या दोन मुठी कमी झाल्या. हाताला शिकवायला महिने लागले, पण शिकला.

सकाळी चालायला जायचं ठरलं, तेव्हा भाभी म्हणाली, मी पण येते. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून आम्ही दोघी शहाडच्या बाजूने देवळापर्यंत जायचो. पहिल्या दिवशी दूधवाला थांबून बघत राहिला. पहिल्या आठवड्यात आम्ही चालायचो कमी आणि कट्ट्यावर बसायचो जास्त. परतताना ती तिच्या सुनेबद्दल बोलायची, मी माझ्या विहिणीबद्दल, आणि बोलायच्या नादात रस्ता संपायचा. घरी यायचो ते घामाने भिजून, पण हलक्या. टोपलीची दोरी मी सोडून टाकली. भाजीला स्वतः खाली जायला लागले, विसरलेली कोथिंबीर आणायला पुन्हा जायची.

राहिलं खाली बसणं. त्याची युक्ती परकरांनीच दिली. एकदा पलंगावर जागा नव्हती म्हणून मी जमिनीवर गठ्ठे रचले आणि त्यावर बसून धागे कापले. उठताना लक्षात आलं की फारसं जड गेलं नाही. मग तेच धरलं. चार गठ्ठ्यांवर बसायची आणि हात न टेकता उठायची. ते जमलं की एक गठ्ठा काढायचा. दोनवर आले तेव्हा फार अडलं, मांड्या थरथरायच्या. भाभी समोर उभी राहून दोन्ही हात पुढे करायची, पण द्यायची नाही. मागे सरकायची. लहान मूल चालायला शिकतं तसं. एका गठ्ठ्यावर आले, मग पाटावर आले. आणि पाटावर पाय पसरून बसायचं जमलं त्या दिवशी भाभीने एक गठ्ठा ओढणीत गुंडाळून माझ्या पायांवर ठेवला. मी त्याला तेल लावल्यासारखं केलं, उपडा केला, पाठीवर पाणी ओतल्यासारखं केलं. ती म्हणाली, "बड़ा शरीफ़ बच्चा है, रोता ही नहीं." आम्ही इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरची बाई काय झालं बघायला वर आली.

सातव्या महिन्यात मुलीच्या सासरी डोहाळजेवण होतं. मी काही काठी होऊन गेले नव्हते, हे सांगून ठेवते. ब्लाउज सैल झाले होते, गळ्याखालची घडी उतरली होती, एवढंच. रिक्षातून उतरले. परीक्षाच ती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, मुलीचं सगळं कौतुक चाललं होतं, पण ती अधूनमधून माझ्याकडे बघत होती. पंगत बसली. मी पाटावर बसले. जेवण झालं. मी एक हात गुडघ्यावर ठेवला आणि उठले. झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी चार महिने घालवले होते, आणि ती डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होऊन गेली. मुलीने लांबूनच मान हलवली आणि पुन्हा मैत्रिणींशी बोलायला लागली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मला पुरलं.

विहीणबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी हाताने खुणावून मला स्वयंपाकघरात बोलावलं. आता काय काढतात म्हणून मी गेले. त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची ओढून धपकन बसल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, न्या हो लेकीला. मी सुटले."

मला कळेना. मग त्यांनी साडी वर करून गुडघे दाखवले. दोन्ही सुजलेले. "मी गेल्या गणपतीपासून खाली बसलेली नाही," त्या म्हणाल्या. "वाढणारी बाई कधी बसतच नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मुलगा आणि हे, दोघांनाही माहीत नाही."

मी म्हटलं, "अहो, मग इकडे करू म्हणालात ते?"

"म्हटलं खरं. तुम्हाला तसं ओढून काढताना पाहिलं आणि मला धडकी भरली, बाळ हातून पडलं बिडलं तर. तोंडातून निघून गेलं. आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. आता म्हटलंय तर करायला हवं, आणि मी तरी बसणार कशी? मनात म्हणत होते, विहीणबाईंनीच काहीतरी करावं आणि मला सोडवावं."

इतके महिने मी विहीणबाईंना मनात काय काय म्हटलं होतं. त्यांनीही मला म्हटलंच असेल. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कसं केलंत ते सांगा ना. औषध घेतलंत काही?"

मी विचारलं, "तुम्ही जेवता कधी?"

"सगळ्यांचं झालं की," त्या म्हणाल्या.

मी दुसरी खुर्ची ओढली. बाहेर ओटी भरायची वेळ झाली तरी आम्ही दोघी आतच. शेवटी मुलगीच शोधत आली.

बाळंतपण आमच्याकडेच झालं. नात झाली. बाराव्या दिवसापर्यंत मी न्हाऊ घालायला एक जाणती बाई बोलावत होते, तिच्या हाताखाली बघून घेतलं. इतक्या वर्षांत विसरले होते बरंच. मग एका सकाळी मी म्हटलं, आज मी. विहीणबाई आदल्या दिवसापासून राहायला आल्या होत्या, त्या मोरीच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. भाभी पाणी ओतायला तांब्या घेऊन उभी. मुलगी खोलीच्या दाराला टेकून बघत होती. मी पाटावर बसले, पाय पसरले आणि नात पायांवर घेतली. परकरांच्या गठ्ठ्यासारखी ती मुळीच नव्हती. निसटत होती, लाथा मारत होती, आणि तेल लागताच अशी ओरडायला लागली की समोरच्या बिल्डिंगीत ऐकू गेलं असेल. भाभी म्हणाली, "ये वाली शरीफ़ नहीं है." पाणी पाठीवर पडलं तशी ती एकदम गप्प झाली आणि माझ्या नडग्यांवर अंग सैल सोडून पडून राहिली.

भाभीने तिला पंच्यात गुंडाळून घेतलं आणि खोलीत नेलं. शेगडीवर ओवा टाकला होता, त्याच्या धुरीसाठी सगळ्या तिकडे वळल्या. विहीणबाईसुद्धा स्टूल सोडून गेल्या. नाक कुणाचं, कान कुणाचे, यावरून वाद सुरू झाला. मी ओल्या पाटावरून उठले. उभी राहिले, पदर पिळला. हात द्यायला कुणी आलं नाही, कारण कुणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मला फार बरं वाटलं.